बाजाराच्या दिवसाची बारी

आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, नाल्याच्या काठी आहे. दोन खांबांच्या मधात लोखंडी चौकटीवर बसवलेली, खाली फ्यूजची पत्र्याची पेटी. पेटीला दार नाही. होतं, ते कोणीतरी गोठ्याला लावलं. ही डीपी जितक्या मोटरी ओढू शकते त्याच्या दीडपट मोटरी तिच्यावर आहेत. त्यात एक माझीही आहे, म्हणून त्याबद्दल मी कोणाला नावं ठेवत नाही. पण बारी मी बांधून दिली होती. कोणत्या दिवशी कोणाची मोटर चालेल आणि कोणाची बंद राहील, हे सगळ्यांना धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसवून मी ठरवलं आणि सगळ्यांनी हाव म्हटलं. मी तिसरीपर्यंत शिकलो. पण त्या धुऱ्यावर शिकलेलेही होते आणि त्यांनाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

लाईन आमच्या शिवारात आली तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं. खांब आम्ही बैलगाड्यांवर आणले. खड्डे आम्हीच खणले, मुरमात पहार मारून हाताचे फोड फुटले. तेव्हा ते वीज बोर्ड होतं. पुढे कंपनी झाली म्हणतात, पण गावात बोर्डच म्हणत राहिले. लाईन सरकारची आहे आणि सरकारचीच राहिली पाहिजे, असं माझं मत आहे. पोरगा म्हणतो, "बाबा, तुमचं मत म्हंजे गंजलेला बोल्ट हाय." असू दे. गंजलेला बोल्ट सहजासहजी निघत नाही.

ऑटो म्हणजे काय ते आधी सांगतो. मोटरच्या स्टार्टरजवळ एक डबी लावतात. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते, माणसानं वावरात जायचं काम नाही. लाईन कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून एकानं लावली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. आता लाईन आली की सगळ्या मोटरी एकाच झटक्यात उठतात आणि डीपीचा फ्यूज उडतो. वायरमन सांगून सांगून थकला, पण डबी कोणी काढली नाही. प्रत्येकाचं म्हणणं, आधी शेजाऱ्यानं काढावी. म्हणून मी बारी बांधली. ज्याचा दिवस नसेल त्यानं डबीचं बटन खाली करून ठेवायचं. एका बोटाचं काम.

बाजाराचा दिवस मी धाकट्या भावाच्या बायकोला, भावसुनेला, दिला होता. त्या दिवशी माणसं बीबी गावच्या बाजाराला जातात, तशाही मोटरी बंद असतात, तिच्या एकटीच्या मोटरला लाईन पुरेल, असा माझा विचार. भाऊ वारला. पोरगी डोणगावकडे दिली. वावर ती एकटीच करते. लाईनीच्या पार शेवटाला आहे ते, पण रस्त्याला लागून आहे, आणि रस्त्याला लागून आहे हेच तिच्या मुळावर आलं. तिच्या एका धुऱ्याला माजी सरपंचाचं वावर, दुसऱ्या धुऱ्याला आमचं, जे आता माझा पोरगा पाहतो. दोघंही तिच्या वावरातून जाताना ढेकूळ उचलून मातीचा वास घ्यायचे. विकत घ्यायचं जनावर पाहावं तसं.

त्या साली तिनं एका बियाणं कंपनीकडून कांद्याच्या बियाचा प्लॉट घेतला होता. कांदा लावायचा, त्याला गोंडे येऊ द्यायचे आणि गोंड्यातलं काळं बी कंपनीला द्यायचं. माझ्या बायकोला तिनं सांगून टाकलं होतं, की हा प्लॉट साधला तर वावर मीच करीन, नाही साधला तर ठोक्यानं, सालाच्या ठरलेल्या पैशावर, दुसऱ्याला कसायला देऊन पोरीकडे जाईन. बायकोकडून हे पोराला कळलं आणि पोराकडून गावाला. पोरीच्या सासरी जाऊन राहणं काय असतं ते आमच्याकडच्या बायांना विचारा. भाकर मिळते, पण ती मागून घ्यावी लागते.

आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. भावाच्या लग्नापासून ती माझ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली ओढते आणि माझ्या बायकोकडे पाहून बोलते, "बाई, भाऊजींले सांगा." मी पण बायकोकडे पाहून उत्तर देतो. मधात बायको काहीच करत नाही, तांदूळ निवडत बसते. भाऊ गेला त्या दिवशीही असंच झालं. तिला लाकडं कुठून आणायची ते विचारायचं होतं, तेही तिनं बायकोलाच विचारलं.

गोंडे उमलले, मधमाश्या यायला लागल्या, आणि बाजाराच्या दिवशी सकाळी लाईन आली तशी सगळ्या शिवारात मोटरींनी एकदम हंबरडा फोडला. मी धुऱ्यावर होतो. ऐकूनच कळलं. क्षणात फ्यूज उडाला आणि सगळं चिडीचूप. तिच्या पाइपातून ओंजळभर पाणी आलं असेल.

दुपारी बाजारातून माणसं परतली तेव्हा मी हॉटेलवर जाऊन बसलो. हॉटेल म्हणजे चहाचं खोपट. मी विचारलं, बटन कोणी खाली केलं नव्हतं?

"इसरलो ना बावा," माजी सरपंच म्हणाला. "बाजाराची घाई."

दुसरा म्हणाला, "मीबी इसरलो."

माझा पोरगा पलीकडे मोबाइल पाहत होता. त्याला मी विचारलंच नाही. त्याच्या मानेवरून कळलं.

तेवढ्यात वायरमन आला. फ्यूज टाकून आला होता, हात काळे. त्यानं चहा घेतला आणि उभ्यानंच सांगितलं, की वीज खाजगी करायचं चाललं आहे, आम्ही संपावर जाणार, गावानं पाठीशी उभं राहावं.

"काऊन उभं राहावं बे?" माजी सरपंच म्हणाला. "फोन केला त तू उचलत नाई. खाजगी आली म्हंजे फोन लावला की मानूस फटफटीवर हाजर."

"काका, खाजगीवाला हाजर होईन, पन बिल पाहून होईन," वायरमन म्हणाला. "तुमची सवलत जाईन. शेवटच्या खांबावर एक मोटर असन त तो म्हनन, परवडत नाई."

"मंग तुले तं परवडते ना? गेल्या पावसाळ्यात कुठी होता?"

"खांबावर होतो. तुमच्याच."

लोक हसले.  माजी सरपंच म्हणाला, "पाहा बावा, आपला जावई बोलून राह्यला. मानपान करा, न्हाई त संपावर जाईन." मग सगळ्यांनी मिळून त्या माणसाला सोलून काढलं. त्याच्या काळ्या हातांवरून, त्याच्या गाडीवरून, त्याच्या बायकोला तालुक्याला राहायला लागतं त्यावरून. तो चहा अर्धा ठेवून गेला. मी म्हटलं, "लाईन सरकारचीच पाहिजे." माजी सरपंच म्हणाला, "बाबा, तुमचं सरकार त तुमच्याच वयाचं हाय, चालता येत नाई त्याले." मी त्याला जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही.

संध्याकाळी भावसून आमच्या अंगणात आली. मी खाटेवर होतो. ती बायकोजवळ बसली आणि म्हणाली, "बाई, भाऊजींले इचारा, लाईन खाजगी झाली म्हंजे डीपीवरून हे लोकं जातीन काय?"

मी बायकोकडे पाहून म्हटलं, "नाही जाणार."

"मंग मले सांगा बाई, सरकारी असली काय आन् खाजगी असली काय, माह्या वावराले काय फरक पडते?"

 उत्तर नाही असं मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मी म्हटलं, "पुढच्या बारीला पाणी जाईल. मी सांगतो म्हणून जाईल."

पुढच्या बाजारालाही गेलं नाही. पुन्हा सगळ्या मोटरी उठल्या, पुन्हा फ्यूज. पुन्हा सगळे विसरले. तिनं मधल्या दिवसांत सगळ्यांना विचारून पाहिलं होतं, तुमच्या बारीतला थोडा वेळ द्या. कोणाच्या गव्हाला पाणी होतं, कोणाच्या हरभऱ्याला, कोणाच्या नुसत्या धुऱ्यावरच्या गवताला. डिझेलचं इंजिन शिवारात कोणाकडे उरलेलं नाही, लाईन आली तेव्हाच सगळी भंगारात गेली. विहिरीत पाणी होतं. ती वरून वाकून पाहायची आणि दोर-बादलीनं काढून गोंड्यांच्या बुडाशी ओतायची. मी पाहिलं तसं करताना. एवढ्या प्लॉटला बादलीनं पाणी घालणं म्हणजे तापलेल्या तव्यावर थुंकणं.

कंपनीचा माणूस आला, गोंडा बोटात चुरून म्हणाला, दाणा भरायच्या वेळेला आलं आहे, येत्या बारीला पाणी मिळालं तर निम्मं तरी हाती लागेल, नाही तर काही नाही.

कीव आली म्हणून मी उठलो असं कोणी समजू नये. मी कीव करणारा माणूस नाही, माझ्या पोरांना विचारा. बारी माझी होती. तिचा प्लॉट वाळला तर ती मरत नव्हती, माझी बारी मरत होती. मी पक्कड घेतली आणि वावरावावरात फिरलो. प्रत्येक स्टार्टरपाशी थांबलो आणि ऑटोच्या डबीची तार कापली. कोणाचा बारीचा दिवस कोणता ते पाहिलं नाही, सगळ्यांच्याच कापल्या. माझ्या पोराचीही. तिथं तर डबीच काढून नाल्यात फेकली.

संध्याकाळी माझ्या दारात गर्दी. बाया ओट्यावर चढून पाहत होत्या.

"म्हाताऱ्या, तुले काय अधिकार बे?" माजी सरपंच. मला बे म्हणायची त्याची ती पहिली वेळ.

"तुम्ही हाव म्हटलं होतं तो."

"तार कापनं म्हंजे चोरी हाय. पोलिसात जातो मी."

"जा. मी पण येतो. दोघं एकाच फटफटीवर जाऊ, पेट्रोल वाचेल."

कोणी हसलं नाही. पोरगा आतून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, तुमाले काकूचं एवढं काऊन लागून राह्यलं? काका मेला तवापासून लईच लागून राह्यलं."

 माझी बायको आत उभी होती, तिनं ऐकलं. भावसुनेचं दार समोरच आहे, तिनंही ऐकलं असेल. मी पोराच्या तोंडात मारली. तो तीन लेकरांचा बाप. त्यानं गाल धरला नाही, उलट हसला, आणि ते हसणं पाहून मला कळलं की गावात हे आधीच बोललं गेलेलं आहे, त्यानं फक्त ते घरात आणलं.

त्याच आठवड्यात संप लागला. लाईन चालू होती, पण बिघाड झाला तर यायला कोणी नव्हतं. वायरमन लोक तालुक्याला मांडव टाकून बसले होते.

बाजाराचा दिवस आला. मी सकाळीच डीपीजवळ जाऊन बसलो. भावसून आपल्या वावरात, खांद्यावर फावडं, पाण्याच्या दांडाचं तोंड उघडून तयार. आणि मग मला दिसलं, की कोणी बाजाराला गेलं नव्हतं. नाल्याच्या वाटेनं सगळे आले, नवे कपडे घालून आल्यासारखे खुशीत. माजी सरपंचाच्या हातात जाड केबलचा तुकडा होता, सोललेला. त्यानं मला रामराम केला, पेटीपुढं बसला आणि लाईन यायच्या आधीच फ्यूजच्या जागी त्या तारेचा पीळ बसवला.

"हे काय करतो?" मी म्हटलं. "फ्यूज उडला नाही तर डीपी जळेल."

"नाई जळत बाबा. आता उडत नाई आन् जळतबी नाई." तो उभा राहिला आणि सभेत बोलतात तसा हात वर केला. "ऐका रे! सरकार संपावर गेलं. आजपासून आपली डीपी खाजगी. ज्याची मोटर मोठी त्याची लाईन. तक्रार असन त बाबाले फोन लावा, बाबा फटफटीवर येईन."

हसून हसून एक जण खाली बसला.

लाईन आली. ऑटो मी कापले होते, पण हात कोणी कापणार? ते आपापल्या स्टार्टरकडे पळाले, शाळा सुटल्यावर पोरं पळतात तसे, आणि एकेकानं हिरवं बटन दाबलं. माझा पोरगा सगळ्यांत शेवटी गेला. पळाला नाही, चालत गेला, मान खाली घालून. मी त्याला हाक मारली नाही. त्यानं बटन दाबलं.

तिची मोटर शेवटाला. तिच्यापर्यंत दाब पोचेना. तिच्या पाइपातून आधी हाताएवढी धार आली, सरीत पाणी शिरलं, ती वाकून फावड्यानं वाट करत होती. मग धार बोटाएवढी झाली. मग मोटर नुसती गुरगुरायला लागली, पाणी नाही. तिनं फावडं टाकलं आणि वर डीपीकडे पाहिलं. डीपीचा आवाज तोवर बदलला होता, रेड्याच्या छातीतून यावा तसा. झाकणाच्या कडेनं तेल ओघळलं, धूर निघाला. मी ओरडलो, बंद करा. कोणी बंद केली नाही. प्रत्येक जण दुसऱ्यानं आधी बंद करायची वाट पाहत होता. मग धडाका झाला आणि चौकटीवरून काळं तेल खाली नाल्याच्या वाळूत गळायला लागलं.

ती धुऱ्यावरून सरळ डीपीपाशी आली. पायाला चिखल होता, तिच्या त्या एका सरीतला. माणसं बाजूला झाली. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून, उभ्या जन्मात पहिल्यांदा, माझ्याशी बोलली.

"भाऊजी, तुमी घरी जा. तुमच्यानं होत नाई."

माणसांसमोर. मी उठलो आणि घरी गेलो. 

संप मिटला. संपाचं काय झालं, खाजगी होणार की नाही, ते मला धड कळलं नाही. मंत्री काही बोलला, वायरमन लोकांनी गुलाल उधळला, हॉटेलवर वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. माजी सरपंच म्हणायला लागला, पाहा, सरकारची डीपी एवढीशीही तग धरत नाही. मी म्हटलं, तू जाळली. तो म्हणाला, "जळन अशी डीपी ठेवतेच काऊन सरकार?" आणि लोकांना ते पटलं. माझ्या डोळ्यांदेखत पटलं.

नवी डीपी ट्रॅक्टरवर आणली तोवर प्लॉट गेला होता. गोंडे उभेच होते, पण चुरल्यावर बोटात फोलपट. कंपनीच्या माणसानं गाडीतूनच पाहिलं, खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं गावातल्या शेळ्यावाल्याला बोलावलं आणि सगळ्या शेळ्या त्या प्लॉटात घातल्या. स्वतः बांधावर बसून राहिली, त्यांनी शेवटचा दांडा खाईपर्यंत.

नवी डीपी बसली की आमच्याकडे हार घालून नारळ फोडतात, वयानं मोठ्या माणसाच्या हातून. नारळ माझ्याकडे आला. मी तो तिच्याकडे पाठवला, मला वाटलं तेवढा तरी मान. ती धुऱ्यावरूनच मोठ्यानं म्हणाली, "त्यायलेच फोडू द्या भाऊजी. मले पानी पाह्यजे होतं, खोबरं नाई." आता ती माझ्याशी सरळच बोलायची. तिला माझी भीड उरली नव्हती. नारळ माजी सरपंचानं फोडला आणि सगळ्यांना तुकडे वाटले. माझा पोरगा चघळत होता.

वावर ठोक्यानं द्यायचं ठरलं तेव्हा पोरगा तिच्याकडे गेला. घरातलं घरात राहील, काकू, म्हणाला. मी त्याच्या मागोमाग गेलो. मदतीला नाही, तो काय बोलतो ते ऐकायला. ती ट्रंक बांधत होती. तिनं त्याला सांगितलं, वावर माजी सरपंचाला दिलं.

"त्याले?" पोरगा म्हणाला. "काकू, त्यानं त तुमचं वाटोळं केलं!"

"त्यानं माह्या तोंडावर हासून केलं," ती म्हणाली. "तू मान खाली घालून केलं. मले तोंडावर हासनारा बरा."

मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, मला काही तरी वेगळं बोलेल. मी तारा कापल्या होत्या, पोराला मारलं होतं, गावानं माझ्या म्हातारपणावर चिखल उडवला होता तिच्यापायी. ती म्हणाली, "भाऊजी, ट्रंक जड हाय, पोराले सांगा उचलाले." पोरानं उचलली. एसटी आली, ती बसली आणि गेली. पोरीच्या घरी कशी आहे, ते विचारायला मी गेलो नाही. ती सांगणार नाही आणि मी विचारणार नाही.

माझं मत अजून तेच आहे. हॉटेलवर कोणी खाजगीचं काढलं की मी बोलतो. माजी सरपंच उत्तर देतो, लोक हसतात, चहा येतो.

तिच्या वावरात आता माजी सरपंचाचा गहू आहे, पोटऱ्यात आलेला, हिरवा काळाभोर. बाजाराचा दिवस त्याच्याकडे गेला, वावराबरोबर. त्या दिवशी मी धुऱ्यावर जाऊन बसतो. लाईन येते, एकच मोटर सुरू होते, पाइपातून हाताएवढी धार पडते आणि संध्याकाळपर्यंत पडत राहते. बाकी सगळ्यांनी आदल्या दिवशीच बटन खाली केलेलं असतं. त्या दिवशी आता कोणीच विसरत नाही.